पीण्याचे छप्पर आणि पडद्यावरच्या पुऱ्या

घडलेल्या घटनांवर आधारलेल्या पुस्तकावरून चित्रपट काढावयाचा झाल्यास चित्रपटकर्त्याने मूळ सत्याशी कितपत इमान राखावे, हा वाद जुनाच आहे. परंतु आपल्या देशात तो आता केवळ रसिकांच्या गप्पांचा विषय राहिलेला नाही. राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्ये सोविएत यानातून अंतराळात जाऊन आले, त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी, २०२५ च्या जूनमध्ये, शुभांशु शुक्ला हे दुसरे भारतीय अंतराळवीर पृथ्वीबाहेर गेले आणि जुलैत सुखरूप परतले. गगनयानासाठी निवडलेल्या चौघांची नावे २०२४ च्या फेब्रुवारीतच जाहीर झाली होती. आता या मंडळींवर पुस्तके निघतील, आणि पुस्तकांमागोमाग चित्रपट. हे चित्रपट कसे निघतील, याचा नमुना गेल्या काही वर्षांत आपणांस पाहावयास मिळालेला आहे. तो नमुना आम्हांस मान्य नाही. ते स्वच्छ शब्दांत सांगण्याची वेळ चित्रपट निघाल्यावर नव्हे, निघण्यापूर्वी असते. म्हणून हा लेख.

प्रथम परदेशातील एक उदाहरण घेऊ. कारण तेथे हा प्रयोग आपल्या कितीतरी आधी झाला. टॉम वुल्फ या अमेरिकन लेखकाने ‘द राइट स्टफ’ हे पुस्तक १९७९ साली लिहिले. अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांची आणि त्यांच्या आधीच्या चाचणी वैमानिकांची ती हकीकत. फिलिप कॉफमन यांनी १९८३ साली त्यावर चित्रपट काढला. तीन तासांहून लांब असा हा चित्रपट गल्ल्याच्या दृष्टीने पडला, पण चार ऑस्कर पारितोषिके त्याने मिळविली, आणि कलाकृती म्हणून त्याची योग्यता आम्हीही मान्य करतो. परंतु याच चित्रपटाने एका माणसावर जो अन्याय केला तो विसरण्यासारखा नाही. गस ग्रिसम यांचे यान २१ जुलै १९६१ रोजी समुद्रात उतरले, त्याचे दार वेळेआधी उडाले आणि यान बुडाले. दार आपोआप उडाले, आपण ते उडविले नाही, असे ग्रिसम अखेरपर्यंत सांगत राहिले. पुस्तकाने त्यांच्या सांगण्याविषयी शंका सुचविली. पडद्यावर ती शंका जवळजवळ निकाल होऊन बसली: घाबरलेला, गोंधळलेला, अपेशी माणूस.

वस्तुस्थिती काय होती? दुसरे अंतराळवीर वॉली शिरा यांनी १९६२ च्या ऑक्टोबरमधील आपल्या उड्डाणानंतर यानाचे दार हाताने मुद्दाम उडविले, तेव्हा त्या कळीच्या झटक्याने त्यांच्या हातास इजा झाली. ग्रिसम यांच्या हातावर तसली खूण नव्हती. ज्या संस्थेने त्यांचे सर्व जाबजबाब घेतले होते, तिनेच पुढे १९६५ साली पहिल्या माणसाळलेल्या जेमिनी यानाचे आणि नंतर पहिल्या अपोलो यानाचे नेतृत्व त्यांच्याकडे दिले. ग्रिसम २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या सरावात, यानास लागलेल्या आगीत मृत्यू पावले. चित्रपट निघाला तेव्हा ते जाऊन सोळा वर्षे झाली होती. मृताला खुलासा करता येत नाही. पुस्तकातील शंका वाचकाला पान उलटून पुन्हा तपासता येते. पडद्यावरचा चेहरा तपासता येत नाही, तो मनात तसाच राहतो. पुस्तक आणि चित्रपट यांतला हा मूलभूत भेद आहे, आणि चित्रपटकर्त्याची जबाबदारी लेखकाहून अधिक का, याचे उत्तर त्यात आहे.

आता आपल्याकडे वळू. १५ ऑगस्ट २०१९ रोजी ‘मिशन मंगल’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. मंगळयानाची ही कथा. तीत तारा शिंदे नावाची एक शास्त्रज्ञ आहे. घरी पुऱ्या तळताना, गॅस बंद केल्यावरही तापलेल्या तेलात पुऱ्या तळून निघतात, हे ध्यानी घेऊन ती इंधन वाचविण्याची युक्ती काढते, आणि त्यातून मोहीम उभी राहते. प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या. आम्ही टाळ्या वाजविण्यास तयार नाही.

कोणी म्हणेल, दृष्टान्त देण्यात वाईट काय? दृष्टान्तात काहीच वाईट नाही. शाळामास्तर रोज देतात, ज्ञानेश्वरांनी हजारांनी दिले. परंतु दृष्टान्त हा समजावण्यासाठी असतो. तो शोधाचे मूळ म्हणून दाखविला की लबाडी सुरू होते. मंगळयानाच्या मार्गाची युक्ती स्वयंपाकघरात सापडलेली नाही. पीएसएलव्ही या आपल्या भरवशाच्या अग्निबाणाची ताकद यानाला थेट मंगळाच्या वाटेवर फेकण्याइतकी नव्हती. म्हणून ५ नोव्हेंबर २०१३ रोजी यान आधी पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडले, आणि यान पृथ्वीच्या सर्वांत निकट येऊन सर्वांत वेगाने धावते त्या घटकेला त्याचेच इंजिन पुनःपुन्हा पेटवून ती कक्षा वाढवीत नेली. वेगात असताना जाळलेले इंधन अधिक फळ देते, हे गणित अग्निबाणशास्त्रात फार जुने आहे. ते गणित आयुष्यभर करीत आलेल्या स्त्रिया या मोहिमेत जबाबदारीच्या जागी होत्या. नंदिनी हरिनाथ आणि रितू करिधाल या उपसंचालन प्रमुख म्हणून काम पाहात होत्या. अशा स्त्रियांच्या विद्वत्तेचा उगम कढईत दाखविणे हा त्यांचा गौरव नव्हे. स्त्री कितीही शिकली तरी तिची अक्कल शेवटी चुलीपाशीच, या जुन्या समजुतीलाच रंगीत कपडे चढवून प्रजासत्ताकाच्या पडद्यावर मिरविले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि हे करण्याची गरज तरी काय होती? खरी हकीकत नीरस असती तर गोष्ट निराळी. ११ नोव्हेंबर २०१३ रोजी कक्षा वाढविण्याचा चौथा प्रयत्न अर्ध्यावर राहिला. इंधनाच्या झडपेची मुख्य आणि राखीव अशी दोन्ही वेटोळी एकदम चालविताच प्रवाह थांबला. सेकंदाला १३० मीटर वेग वाढवावयाचा, तेथे ३५ मीटरच वाढला. दुसऱ्या दिवशी जास्तीचे प्रज्वलन करून तूट भरून काढली. पुढे यान मंगळाच्या वाटेला लागले आणि मुख्य इंजिन सुमारे तीनशे दिवस झोपून राहिले. इतके दिवस झोपलेले इंजिन मंगळापाशी जागे होईल की नाही, हे पाहण्यासाठी २२ सप्टेंबर २०१४ रोजी ते अवघे चार सेकंद पेटविले. चार सेकंद! आणि २४ सप्टेंबरला खरे प्रज्वलन चालू असताना यान मंगळाच्या आड गेले. संदेश पृथ्वीवर पोहोचावयास सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती. नियंत्रणकक्षातील माणसांना त्या वेळी करण्यासारखे काहीच उरले नव्हते; जे करावयाचे ते महिनोन्‌महिने आधी यानाच्या संगणकात लिहून ठेवलेले होते. आपल्या श्रमाचा निकाल ऐकण्यासाठी हात बांधून बसलेली ती माणसे, याहून मोठे नाट्य कोणता पटकथालेखक आणणार आहे?

हे नाट्य घडले कोठे? बेंगळुरात, पीण्या औद्योगिक क्षेत्रात. इस्रोचे उपग्रह-संपर्क व नियंत्रणाचे केंद्र, इस्ट्रॅक, तेथे आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये विक्रम लँडरशी संपर्क तुटला तो तेथूनच कळला, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान–३ उतरल्याची वार्ताही तेथूनच देशाला मिळाली. या मासिकाचे जे वाचक बदलीच्या निमित्ताने या शहरात येऊन राहिले, त्यांना पीण्या म्हणजे यंत्रांची खडखड, मालमोटारींच्या रांगा आणि तुमकूर रस्त्यावरची धूळ एवढेच ठाऊक असावयाचे. परंतु आपल्या उपग्रहविद्येचे जन्मस्थान तेच आहे.

भारत व सोविएत संघ यांच्यात १९७२ च्या मे महिन्यात करार झाला: उपग्रह भारताने बांधावा, सोविएत अग्निबाणाने तो सोडावा. विक्रम साराभाई त्याच्या चार-पाच महिने आधी, ३० डिसेंबर १९७१ रोजी, निवर्तले होते. उडुपी रामचंद्र राव यांनी थिरुवनंतपुरमहून आपली तुकडी बेंगळुरास हलविली. इमारत नव्हती. लघुउद्योगांसाठी उभारलेल्या, ॲस्बेस्टॉसच्या छपराच्या शेड पीण्यात मिळाल्या, तेथे काम सुरू झाले. राव यांनी स्वतः अमेरिकेत असताना तेथील अंतराळयानांवरच्या विश्वकिरणांच्या प्रयोगांत भाग घेतलेला होता. परंतु हाताखालची बहुतेक मंडळी नवखी, उपग्रह कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. धुळीचा कणही चालत नाही असे काम, आणि भोवती कारखान्यांची वसाहत. अशा ठिकाणी सव्वीस बाजूंचा, ३६० किलोग्रॅम वजनाचा आर्यभट तयार झाला. त्याच्या चोवीस बाजूंवर सौरघट बसविलेले होते, आणि त्या सर्वांची मिळून शक्ती सुमारे ४६ वॅट, म्हणजे घरातल्या एका जुन्या साध्या दिव्याएवढी. करारापासून तीन वर्षांच्या आत, १९ एप्रिल १९७५ रोजी, कापुस्तिन यार येथून तो कक्षेत गेला.

ही हकीकत पुस्तकांतून आलेली आहे. राव यांचे ‘इंडियाज राइज ॲज अ स्पेस पॉवर’ २०१४ साली निघाले, आर. अरवमुदन यांचे, गीता अरवमुदन यांच्यासह लिहिलेले, ‘इस्रो : अ पर्सनल हिस्टरी’ २०१७ साली. चित्रपटकर्त्याला दूर जावयास नको. परंतु आमची भीती अशी आहे की, उद्या या पुस्तकांवरून चित्रपट निघाला तर त्यांतून दोनच चित्रे उचलली जातील: एक शौचालयाचे आणि एक बैलगाडीचे.

जागेच्या टंचाईमुळे बेंगळुरात एका शौचालयाचे रूपांतर उपग्रहाकडून येणारी माहिती टिपण्याच्या कक्षात करावे लागले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. बैलगाडीचे छायाचित्र तर त्याहून प्रसिद्ध. ‘ॲपल’ हा आपला पहिला संदेशवहन उपग्रह १९८१ साली बैलगाडीवर ठेवलेला त्यात दिसतो. परदेशी वृत्तपत्रांनी या चित्राकडे भारताच्या दारिद्र्याचा पुरावा म्हणून पाहिले. आपल्या लोकांनी दारिद्र्यावर मात म्हणून ते डोक्यावर घेतले. दोघांनीही चित्र चुकीचे वाचले. उपग्रहाच्या ॲन्टेनाची चाचणी मोकळ्या मैदानावर घ्यावयाची होती, आणि भोवती धातू असला तर लहरी परावर्तित होऊन माप चुकते. धातूची मोटार चालण्यासारखी नव्हती. लाकडी गाडी चालण्यासारखी होती. म्हणजे बैलगाडी ही नाइलाज नव्हती, निवड होती. ती गरिबी नव्हती, भौतिकशास्त्र होते. ज्या चित्रपटात ही गाडी येईल आणि हे कारण येणार नाही, पार्श्वभूमीला सनई मात्र वाजेल, तो चित्रपट देशाची थोरवी गाणार नाही. तो देशाच्या बुद्धीचा अपमान करील.

दुसरा मुद्दा आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. आपल्या चित्रपटांत सरकारी अधिकारी कोण असतो? फाईल अडवून धरणारा, पुढाऱ्यापुढे वाकणारा, नायकाच्या वाटेतला दगड. तसले अधिकारी नाहीत असे कोण म्हणेल? परंतु पीण्याची गोष्ट सांगावयाची झाली तर ती सरकारी नोकरांची गोष्ट म्हणूनच सांगावी लागेल, कारण ती तशीच आहे. त्या शेडमध्ये काम करणारा प्रत्येक जण महिन्याच्या पगारावर होता. १९७२ साली अंतराळ आयोग आणि अंतराळ विभाग स्थापन झाले, आणि केंद्र सरकारचा हा विभाग दिल्लीत न ठेवता बेंगळुरात ठेवला गेला. इस्रोचा अध्यक्ष हाच विभागाचा सचिव, अशी व्यवस्था झाली. सतीश धवन यांनी हे दोन्ही भार सांभाळले. पुढे निवडणूक आयुक्त म्हणून गाजलेले टी. एन. शेषन त्या वर्षांत या विभागात संयुक्त सचिव होते. आर्यभटाचा मूळ अंदाज सुमारे तीन कोटींचा. प्रत्यक्ष खर्च पाच कोटींच्या वर गेला. वाढीव खर्चाच्या टिपणीवर सही करणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. सही नाकारणे सोपे असते आणि त्याबद्दल कोणी जाब विचारीत नाही. सही करणाऱ्याने मात्र पुढे लेखापरीक्षकाला तोंड द्यावयाचे असते. ज्यांनी त्या सह्या केल्या, त्यांनीही हा उपग्रह बांधला. पडद्यावर त्यांच्या वाट्याला खलनायकाची भूमिका येणार असेल, तर ती कृतघ्नता होय.

तिसरा मुद्दा अपयशाचा. आर्यभट कक्षेत गेला, पण चार-पाच दिवसांतच विद्युत्‌पुरवठ्यात बिघाड होऊन त्यावरचे वैज्ञानिक प्रयोग थांबले. ॲपल कक्षेत गेला आणि त्याचे एक सौरपंख उघडलेच नाही. तरी दोन वर्षांहून अधिक काळ त्याच्याकडून काम करून घेतले. हे अपयश लपविण्यासारखे नाही, आणि रडण्यासारखेही नाही. अभियंत्याच्या जगात बिघाड हा पुढच्या आराखड्याचा पहिला परिच्छेद असतो. ‘मिशन मंगल’ लोकांनी पाहिला त्याला चार आठवडेही झाले नव्हते, तोच विक्रम लँडर चंद्रावर आदळला. इच्छाशक्ती आणि देशप्रेम असले की यान पोहोचतेच, असे ज्यांना नुकतेच शिकविले होते, त्यांना या घटनेचा अर्थ कसा लावावयाचा हे समजले नाही. कोणी अश्रू ढाळले, कोणी दोष शोधले. त्याच वेळी काम करणारी माणसे मात्र काय काय बिघडू शकते याची यादी करीत बसली होती. चांद्रयान–३ ची आखणी यशावर नव्हे, तर संभाव्य अपयशावर आधारून केली, असे इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनीच पुढे सांगितले. जो चित्रपट अपयश गाळतो तो यशाचे कारणही गाळतो.

यावर ठरीव उत्तर येईल: सामान्य प्रेक्षकाला तांत्रिक गोष्टी समजत नाहीत. हे उत्तर प्रेक्षकाच्या नावावर खपविलेला चित्रपटकर्त्याचा आळस आहे. जिम लव्हेल आणि जेफ्री क्लुगर यांच्या पुस्तकावरून रॉन हॉवर्ड यांनी १९९५ साली ‘अपोलो १३’ काढला. यानातली हवा विषारी होत चाललेली, चौकोनी गाळणी गोल खाचेत बसवावयाची, आणि हाताशी यानात असलेल्याच वस्तू: एवढ्या साहित्यावर त्यातला उत्कट प्रसंग उभा आहे. जगभरच्या प्रेक्षकांना तो समजला. त्यांत अभियंते किती होते? उलट ‘हिडन फिगर्स’ या २०१६ च्या चित्रपटात गोरा वरिष्ठ अधिकारी शौचालयावरची वर्णभेदाची पाटी फोडतो. मार्गो ली शेटर्ली यांच्या पुस्तकात हा प्रसंग नाही. कॅथरीन जॉन्सन यांनी भेदभावाचा तो नियम स्वतःच कधी पाळला नव्हता. एका स्त्रीचे शांत धैर्य काढून घेऊन चित्रपटाने ते एका काल्पनिक साहेबाच्या हाती दिले. रचलेला प्रसंग नेहमी निरुपद्रवी नसतो. तो कोणाच्या तरी पदरचे काढून दुसऱ्याच्या पदरात घालतो.

आपल्याकडेही तेच. ‘रॉकेट बॉइज’ या २०२२ च्या मालिकेत होमी भाभांचा प्रतिस्पर्धी म्हणून एक काल्पनिक शास्त्रज्ञ उभा केला, आणि त्याच्या आडून मेघनाद साहांचीच छाया दाखविली, असा आक्षेप अनेकांनी घेतला. त्याच वर्षी निघालेल्या ‘रॉकेट्री’ या नंबी नारायणन यांच्यावरील चित्रपटास पुढे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. नारायणन यांच्यावरचा खटला खोटा होता, त्यांचा छळ झाला, हे सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केलेले आहे, आणि ती कथा सांगणे आवश्यकच होते. परंतु इतरांच्या कामाचे श्रेय त्या चित्रपटात एकाच्या नावे गेले, अशी तक्रार इस्रोच्या काही निवृत्त शास्त्रज्ञांना पत्रकारांपुढे येऊन करावी लागली. एका अन्यायाचे परिमार्जन करताना दुसऱ्या अन्यायास वाव देण्याचे कारण नव्हते.

तारा शिंदे या नावाविषयीही एक शब्द लिहिणे भाग आहे. मराठी आडनाव ऐकून आपल्यापैकी काहींना आनंद झाला. आम्हांस झाला नाही. थुंब्याची जागा शोधण्यापासून उपग्रहाद्वारे खेडोपाडी दूरदर्शन नेण्याच्या प्रयोगापर्यंत ज्यांनी काम केले ते कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. अग्निबाणाच्या घन इंधनाचे काम उभे करून पुढे विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झालेले वसंत गोवारीकर. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण सुटला तेव्हाच्या तुकडीतले प्रमोद काळे: ही हाडामांसाची माणसे होती. आम्ही त्यांची नावे मराठीपणाची टिमकी वाजविण्यासाठी घेत नाही. पीण्यात मराठी, कन्नड, तमिळ, बंगाली हा भेद यंत्राला नव्हता आणि माणसांनाही नव्हता. आमचे म्हणणे एवढेच की, खरी माणसे उपलब्ध असताना खोटे आडनाव देऊन प्रांताप्रांतांची मर्जी राखणे हा सन्मान नव्हे, हिशेब आहे.

‘ही कथा काल्पनिक आहे’ अशी पाटी सुरुवातीस दाखविली की सर्व दोष धुऊन निघतात, हा समजही सोडावयास हवा. पाटी दोन क्षण दिसते, कथा दोन तास चालते. संस्थेचे नाव खरे, मोहिमेचे नाव खरे, मंगळ खरा. माणसे आणि त्यांची बुद्धी तेवढी काल्पनिक! ज्याला कल्पना लढवावयाची आहे त्याने मोहीमही कल्पनेतली घ्यावी. त्याला कोणी अडविलेले नाही.

तेव्हा आमची मागणी मोजकी आहे. प्रसंग गाळावेत, काळ आवळावा, संवाद रचावेत. एवढे स्वातंत्र्य चित्रपटास असलेच पाहिजे. परंतु एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर घालू नये. ज्याला आता उत्तर देता येत नाही त्याच्यावर पुस्तकानेही सिद्ध न केलेला कलंक लावू नये. आणि काम कसे झाले, याचे खरे कारण बदलू नये. कारण अशा कथेत कारण हाच नायक असतो. गगनयानाची माणसे अजून कामात आहेत, त्यांची पुस्तके अजून लिहावयाची आहेत. उद्या जो कोणी ती घेऊन पडद्याकडे जाईल, त्याने वाटेत एक दिवस पीण्यात थांबावे, आणि ॲस्बेस्टॉसच्या छपराखाली उपग्रह बांधणाऱ्या त्या पगारी माणसांना नेमके काय काय ठाऊक होते, हे विचारून घ्यावे. त्यांना किती थोडे मिळत होते, याची चौकशी नंतर केली तरी चालेल.